बाईंचा थकलेला आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

बोसा नोव्हा म्हणजे नक्की काय? मला माहीत नाही. हे फक्त मीच वाचणार आहे म्हणून लिहून ठेवते. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, बोसा नोव्हा ऐकता ना? मी म्हणाले, लहानपणापासून. लहानपणी आमच्या घरी एक रेडिओ होता आणि त्याचं बटण बाबांच्या ताब्यात होतं. बाबा बातम्या ऐकायचे. बातम्या संपल्या की रेडिओ बंद.

नोकरी मिळाली. खोटं बोलून मिळालेली नोकरी खरेपणानं केली तर ते खोटं हळूहळू खरं होतं, असं माझं मत आहे.

कंपनी छोटी. विसरले गेलेले जुने अल्बम पुन्हा रेकॉर्डवर काढायचे, हे काम. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. साहेब, पॅकिंगच्या ताई आणि आता मी. पहिलाच अल्बम एका बहीणभावाचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा. बहीण गायली, भावानं कॉम्प्युटरवर ठेके बनवले. बोसा नोव्हा आणि इलेक्ट्रॉनिक यांचं मिश्रण. तेव्हा नुसती सीडी निघाली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता लोक शोधत फिरतात म्हणे.

संकल्प: रोज एक तास अभ्यास. कुणाशी खोटं बोलायचं नाही. चूक झाली तर त्याच दिवशी कबूल करायची.

४ फेब्रुवारी

अभ्यास केला. बोसा नोव्हा ब्राझीलचं. गिटार असते, आणि कुणाच्या तरी कानात सांगितल्यासारखं हळू गायचं असतं. आमच्या घरात कुणालाच जमणार नाही.

वीस मिनिटं झाली. उद्या एक तास चाळीस मिनिटं करायची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेस्ट प्रेसिंग आलं. म्हणजे सगळ्या रेकॉर्ड छापण्याआधी कारखाना नमुना पाठवतो. दोन तबकड्या, चार बाजू, कोरी पांढरी लेबलं. आपण ऐकायच्या, कुठे खरखर नाही ना बघायचं, फॉर्म भरायचा, मग कारखाना पुढचं छापतो.

हे काम साहेबांचं. पण त्यांच्या कानात इन्फेक्शन झालंय आणि डॉक्टरांनी तीन आठवडे कानाला काही लावायचं नाही, मोठ्यानं ऐकायचंही नाही म्हणून सांगितलंय. मी मनात त्यांना हेडफोनसाहेब म्हणते, त्यामुळे जरा वाईट वाटलं. म्हणाले, मॅडम, आता माझे कान म्हणजे तुम्ही. अंगावर काटा आला. जुनी सीडी हातात दिली. म्हणाले, हिच्याशी ताडून बघा हं, विसरू नका.

सीडी ऐकायची नाही असं मी ठरवलंय. तत्त्वाचा प्रश्न आहे. रेकॉर्ड ऐकायची तर कोऱ्या मनानं. शिवाय सीडी प्लेअर कपाटावर सात खोक्यांखाली आहे. पण मुख्य कारण तत्त्व.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४

ऐकली. चारही बाजू. दुसऱ्या बाजूला रडू आलं.

काय तो आवाज! जड, खोल, दिवसभर राबून जिना चढणाऱ्या बाईसारखा. ठेका तर इतका संथ, की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस आपल्या आयुष्याचा विचार करून परत येईल. तिसऱ्या गाण्यात एका ओळीच्या शेवटी चक्क हुंदका आहे. मला वाटलं होतं हे संगीत कॅफेत वाजणारं, गुळगुळीत असेल. हे तर कष्टकऱ्यांचं संगीत निघालं.

खरखर कुठेच नाही. फॉर्म भरला. त्यात एक ओळ होती: मूळ सीडीशी ताडून पाहिलं का? हो किंवा नाही. ‘हो’वर खूण केली. ‘नाही’वर केली असती तर खाली कारण लिहायचं होतं आणि तत्त्व मावेल एवढी जागा नव्हती.

घरी येताना दोनदा वाटलं, परत जाऊन ती खूण खोडावी. तेवढ्यात बस आली.

१२ फेब्रुवारी

फोनवर थोडं रेकॉर्ड करून घरी ऐकवलं. आई ड्रायक्लीनरकडे इस्त्री करते, बाबा हॉस्पिटलात लिफ्ट चालवतात. हे संगीत खरं तर त्यांचंच.

आई दोन मिनिटं ऐकून म्हणाली, ही बाई आजारी आहे का गं? बाबा म्हणाले, बाई आहे होय? मला वाटलं बाप्या. मी समजावलं की हा आवाज स्त्री-पुरुष भेदाच्या पलीकडचा आहे, आणि यातला थकवा जाणूनबुजून आणलेला आहे. आई म्हणाली, थकायला जाणूनबुजून कशाला लागतं? मी म्हणाले, जाऊ दे, तुला नाही कळायचं. आई म्हणाली, असेल बाई, शिकलेली तू.

ते ‘शिकलेली तू’ डोक्यातून जात नाही. आमच्या घरात पदवी पहिली माझी. फी भरायला आईनं संध्याकाळची पाळीही धरली होती. उद्या माफी मागायची.

१३ फेब्रुवारी

आई लवकर गेली. उद्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कव्हरच्या आत एक छापील कागद असतो. त्यावर अल्बमबद्दल लेख हवा. साहेब म्हणाले, ऐकलंय तुम्हीच, तर लिहाही तुम्हीच. खाली नाव येईल.

एका बैठकीत नऊशे शब्द झाले. ‘हा आवाज गात नाही, ओझं उतरवून ठेवतो.’ ‘तिसऱ्या गाण्यातला हुंदका हे या अल्बमचं हृदय आहे.’ साहेबांनी वाचून चष्मा पुसला. बाबांना फोनवर सांगितलं की माझं नाव छापून येणार. त्यांनी लिफ्टमधल्या सगळ्यांना सांगितलं. त्यात एक पेशंट स्ट्रेचरवर होता.

३ मार्च

लेख छपाईला गेला. दुकानांना आणि गायिकाबाईंनाही प्रत पाठवली. त्या आता चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतात. त्या अल्बमनंतर लोकांपुढे कधीच गायल्या नाहीत. पाच एप्रिलला रेकॉर्ड बाहेर पडेल, त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात एक गाणं गायला महत्प्रयासानं तयार झाल्यात. साहेब सांगत होते, होकार द्यायलाच त्यांनी दोन महिने घेतले.

माझा लेख वाचून त्यांना किती बळ येईल!

१० मार्च, सोमवार

बाईंचा फोन. म्हणाल्या, लेख छान आहे, भाषा सुंदर आहे, मी नाही गाणार.

मी का म्हणून विचारलं. म्हणाल्या, मला वाटायचं मी हलकं गायचे. उड्या मारत. असं ओझं वाहिल्यासारखं गायचे हे मला कुणी बोललंच नाही गं. भाऊसुद्धा नाही. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसला असेल. मी म्हटलं, तुम्ही स्वतः ऐकून बघा की. तर म्हणाल्या, स्वतःचा आवाज माझ्याच्यानं ऐकवत नाही, वीस वर्षांत लावलेली नाही ती सीडी. मी त्यांना सांगितलं, जडपणा हीच तुमची ताकद आहे. त्या ‘हो का’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मोठे कलावंत स्वतःला नेहमी कमी लेखतात. त्या येतील.

१९ मार्च

साहेबांनी बाईंना दोनदा फोन केला. नकार कायम. साहेब म्हणाले, इतक्या खुशीत होत्या, अचानक काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, कोण जाणे.

हे खोटं नाही. मला खरंच नक्की माहीत नाही. अंदाज आहे फक्त.

२८ मार्च, शुक्रवार

तयार रेकॉर्ड आल्या. चारशे बारा संच. आम्ही इथेच हातानं भरतो: कव्हरात दोन तबकड्या आणि माझा कागद. पहिला संच भरायला घेतला. आता लेबल कोरं नव्हतं. अल्बमचं नाव, गाण्यांची नावं, आणि खाली कडेला बारीक अक्षरात: ४५.

आमच्या प्लेअरचं वेगाचं बटण ३३ वर असतं. मी आले तेव्हा ३३ वर होतं. ते फिरतं हे मला माहीत होतं, पण का फिरवायचं हे कधी विचारलं नव्हतं. फॉर्म काढून पाहिला. तिथेही होतं, वरच्या कोपऱ्यात, ४५. माझ्या सहीच्या वर चार बोटं.

बटण फिरवलं.

आवाज हलका. एका मुलीचा. पायऱ्या चढणाऱ्या नाही, दोन-दोन पायऱ्या गाळत उतरणाऱ्या मुलीचा. ठेका तिच्या मागे धावतोय आणि ती त्याला हात लावू देत नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत उभी राहिले. तो हुंदका नाही. ती हसते. ओळ संपताना तिला हसू आवरत नाही.

मागून ताई म्हणाल्या, अगं, ही कुठली नवीन लावलीस? मस्त आहे. ती रडकी बंद केली ते बरं केलंस.

मी खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत चारशे बारा कव्हरांत चारशे बारा कागद घातले. एकही विसरले नाही.

२९ मार्च, शनिवार

शांतपणे विचार केला.

लेख कुणी वाचत नाही. वाचला तर तो भावनेच्या पातळीवर खरा आहे. मला जे वाटलं ते मी लिहिलं, आणि वाटणं चुकीचं असूच शकत नाही. शिवाय रेकॉर्डमध्ये काही दोष नाही. दोष फक्त बाईंमध्ये निघाला, आणि तो मी काढला.

शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दिलं.

३० मार्च

निदान आईची माफी मागितली. आई इस्त्रीनं भाजलेल्या बोटाला मलम लावत होती. म्हणाली, कशाबद्दल? त्या आजारी बाईबद्दल? बरी झाली का ती?

मी म्हटलं, ती आजारी नव्हतीच. आई म्हणाली, मग चांगलंच की, तोंड का पाडून बसलीयेस?

३१ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. सीडी ऐकली नव्हती, ‘हो’वर खूण खोटी होती, वेग चुकला, लेख चुकला, बाई त्यामुळेच गात नाहीयेत. फक्त लहानपणापासूनचं बोसा नोव्हा राहिलं होतं, शेवटी तेही सांगितलं. ते म्हणाले, त्याचा अंदाज मला दुसऱ्या दिवशीच आला होता.

मला वाटलं ओरडतील. ते पॅकिंगच्या टेपचं टोक नखानं शोधत बसले. मग म्हणाले, कागद राहू द्या. तो लेख वाचून तीन दुकानांनी जास्त प्रती मागवल्यात. थकलेली बाई लोकांना आवडते. हसरी कोण विचारतं? आणि बाईंचं म्हणाल तर त्या तशाही आयत्या वेळी नाहीच म्हणाल्या असत्या, मॅडम. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

इतकं हलकं वाटलं! साहेब अनुभवी आहेत. जिना उतरेपर्यंत हलकं वाटत होतं.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी १

चष्म्याच्या दुकानात गेले. बाई एका आजोबांच्या कानामागे फ्रेम बसवत होत्या. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले आणि आजोबांच्या देखतच बोलून टाकलं.

बाईंनी आजोबांची डावी काडी वाकवली, परत बसवली, दुखतंय का विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, पंचवीस वर्षांत माझ्यावर एक लेख आला, आणि तोही दुसऱ्याच बाईवर.

आजोबा हसले. बाई नाही हसल्या.

मी फोनवर तिसरं गाणं लावलं, नीट वेगात. स्वतःचा आवाज ऐकवत नाही म्हणाल्या होत्या, पण काउंटरला धरून पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, इथे मी हसले कारण भाऊ काचेपलीकडून वेडेवाकडे चेहरे करत होता. आम्ही तो टेक मुद्दाम ठेवला. थोड्या वेळानं विचारलं, तो कागद सगळ्यांत घातलाय? मी हो म्हणाले. म्हणाल्या, मग संपलं गं. तू छापून दिलंयस की हा हुंदका आहे. आता मी समोर उभी राहून हसले तरी लोक म्हणतील, बघा, कशी रडते.

मी विचारलं, शनिवारी याल का? पुढचं गिऱ्हाईक आलं होतं. म्हणाल्या, सरक जरा, आरसा दिसत नाहीये त्यांना.

४ एप्रिल, शुक्रवार

साहेबांना परत विचारलं, कागद काढूया का? म्हणाले, नाही. दुकानांची गाडी उद्या साडेनऊला येणार, विषय संपला. बाबांनी विचारलं, उद्या तुझं नाव बाजारात येणार ना? हॉस्पिटलातल्या दोन सिस्टरना रेकॉर्ड घ्यायला सांगितलंय, प्लेअर नसला तरी. मी मान हलवली.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी १०

साडेसहाला ताईंकडून किल्ली घेतली. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. चहा पिऊन त्याही आल्या. त्या खोकी उघडत गेल्या, मी कव्हरातून कागद ओढत गेले. चारशे बारा. नऊ वीसला शेवटचं खोकं टेप लावून बंद केलं.

गाडी वळली तेव्हा साहेबांना फोन केला. आधी करायला हवा होता. धीर झाला नाही. ते म्हणाले, सोमवारी बोलू, आणि येताना तुमचं सामान ठेवायला एक पिशवी आणा.

बाईंना काही कळवलेलं नाही. कळवलं तर त्यांना वाटेल, गाण्यासाठी गळ घालतेय. गायच्या असतील तर गातील.

रद्दीवाल्याला बोलावून गठ्ठे दिले. एक कागद बाबांसाठी म्हणून बॅगेत ठेवला होता. रद्दीवाला जिना उतरत होता, त्याला हाक मारून तोही दिला.