पुढच्या सीटचा पट्टा

सान्तियागो, मंगळवार

प्रिय एउलोहिओमामा,

आशीर्वाद असू द्या. (कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून तुम्ही तो देत नाही, तरी मागणं माझं काम.) गुडघा कसा आहे? मामीची तब्येत?

मी बरा आहे, म्हणजे जेवतो. सहा उतारूंची शेअर गाडी चालवतो: मागे चार, पुढे दोन. एसी आधीच्या मालकाच्या काळातच वारला, आणि माझ्या सीटची स्प्रिंग वर आल्यामुळे मी उशीवर बसतो. त्याचं काही नाही. दुःख नुरिसचं आहे. ती औषधाच्या दुकानात काम करते. तिचे वडील अशाच गाडीत, पुढे दुसऱ्या उतारूच्या मांडीला मांडी लावून, पट्ट्याविना बसले होते, ते काचेतून बाहेर फेकले गेले. तेव्हापासून पट्टा नसलेल्या गाडीत ती बसत नाही. भर उन्हात चालत कामाला जाते. मला ते बघवेना.

म्हणून मी पुढे पट्टा बसवला आणि तिथे एकच उतारू घ्यायचा असं ठरवलं. स्टँडवर सगळे ओरडायला लागले, "राजकन्येची बग्घी आली रे!" युनियनचा म्होरक्या तोन्यो म्हणाला, "पोरा, पुढे दोन बसव, नाहीतर रूट सोड." मी म्हटलं, "रूट तुझ्या बापाचा आहे का?" (तो खरंच त्याच्या बापाने सुरू केला होता, हे मला नंतर कळलं.) त्याने आठ दिवस मला घरी बसवलं, मग परत रूटवर घेतलं.

काल नुरिस एकदाची गाडीत बसली. पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला. तिचे डोळे भरून आले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. पोलीस दिसला की इथे आम्ही सगळेच ड्रायव्हर पट्टा खांद्यावरून ओढून नुसता मांडीखाली दाबतो, तसाच मी बसलो होतो.

"तुझं बक्कल कुठंय, रादामेस?"

मी छाती फुगवून सांगितलं, "तुझ्याच बाजूला. माझंच काढून लावलंय."

सिग्नलला गाडी थांबली तशी ती म्हणाली, "बाबा गेले तेवढं पुरे. आता शेजारी बसून तुलाही जाताना बघू?" पट्टा सोडून उतरली आणि चालू लागली. मागून चौघे ओरडले, "अरे, सिग्नल सुटला! प्रेम नंतर कर!"

तुमचा भाचा,
रादामेस

ता. क. तुमच्या अंगणातली जुनी गाडी चालत नाही म्हणता. तिचं ड्रायव्हरकडचं बक्कल काढून शुक्रवारच्या बसने पाठवाल का?

आणखी ता. क. उतरताना तिने दार हळू लावलं. मामा, घसा बसेपर्यंत ओरडलं तरी इथे दार हळू कुणी लावत नाही. शुक्रवार नको, उद्याच पाठवा.