पाच खुर्च्या आणि सहावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्याच चष्म्यातून वाचून करीत आहे. याआधीचे रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

१. वरचा मजला थोरल्या मुलाला मिळावा. जिना बाहेरून आहे, त्यामुळे भांडायला कारण उरत नाही.

२. खालचा मजला, माझा इंग्रजीचा वर्ग भरतो त्या पुढच्या खोलीसकट, माझ्या धाकट्या सुनेच्या एकटीच्या मालकीचा राहील. धाकटा गेला तेव्हा थोरला म्हणाला होता, "आई, आता वर्ग कशाला? ती जाईल माहेरी. खोली औषधांच्या दुकानाला देऊ." ती गेली नाही. माझे गुडघे धरले होते, तिने खडू हातात घेतला. तेव्हा बाळा, दुकानाचा विषय संपला. मन मोठे कर.

३. वर्गातल्या पाच खुर्च्या तिच्याच. त्या मोडक्या आहेत म्हणून कोणी भंगारात काढू नयेत. 'मदर गेव्ह मी टी' या वाक्याचा एकेक शब्द गळ्यात अडकवून मुले त्यांवर बसतात. पाचवा शब्द 'ओन्ली' सर्वांत वांड मुलाला मिळतो. तो खुर्ची बदलत फिरतो आणि बाकीची ओरडतात, "फक्त आईनेच दिला! फक्त मलाच दिला! नुसता चहाच दिला!" मी हाच धडा तीस वर्षे नियम सांगून शिकवला. माझी मुले पास झाली. तिची मुले घरी जाऊन आईला शिकवतात.

एकाने इंग्रजीत लिहिले होते, माझे घर तुझ्यापेक्षा मोठे आहे. आपल्या भाषेत चालते, इंग्रजीत घराची तुलना माणसाशी होऊन बसते. तिने त्याच्या मित्राला भिंतीशी उभे करून डोक्यावर खडूची रेघ ओढली. म्हणाली, "खरंच की रे, घरच मोठं आहे! आता याच्या घराशी मोजूया का?" तो पोरगा सगळ्यांत जास्त हसला. मी दाराआडून बघत होते. मला तिचा फार अभिमान वाटला.

४. माझे लाल पेन कोपऱ्यावरच्या मोठ्या क्लासच्या मालकांना द्यावे. त्यांच्या पाटीवर इंग्रजीत 'आम्ही अधिक चांगले शिकवतो' असे आहे. कोणापेक्षा, ते राहून गेले आहे. धाकटीला दुप्पट पगार देऊन न्यायला आले होते, तेव्हा तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

५. फळ्याशेजारची हातांची खुर्ची माझी. धाकटी इतकी वर्षे उभ्यानेच शिकवते. "बस की गं," म्हटले की म्हणते, "ती तुमची आहे, आई." आजपासून ती तिची. हे वाचले जात असताना ती दाराशी उभी असेल. वाचणाऱ्याने इथे थांबावे, आणि आधी तिला बसवावे.

स्थळ: पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, वर्ग सुटल्यावर

मृत्युपत्र करणारी: (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. समोरचे चष्मेवाले (सही)
२. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)