बिनबर्फाचा रस

१७ जाने.
अलिबाग. मनूची सोनोग्राफी. अकरा वर्षांची पोर, लिव्हरवर चरबी. डॉक्टरीणबाईंनी मानेवरचा काळा पट्टा दाखवला. आम्ही तो मळ समजून घासत होतो. गोड बंद, बाटल्या-पाकिटं बंद, रोज पळायचं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

१८ जाने.
शेजारचे दामूकाका म्हणाले, "तुझं लिव्हर गेलं असतं तर समजलं असतं." आमच्या नागावात लिव्हर फक्त पिणाऱ्यांना असतं. अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, पदर डोळ्यांना लावला. मनूला वाढवली तिनेच. मी आणि बायको स्मिता होमस्टेच्या चादरी बदलत होतो.

२ फेब्रु.
पाहुणे भरलेत. जाताना अर्ध्या बाटल्या, वेफर्स ठेवून जातात. आजवर ते फ्रिजमध्ये, फ्रिजमधून मनूत. आता मी मोरीत ओततो. स्मिता तिकडे बघत नाही. आज एका बाईंनी मनूचा गाल ओढला : कित्ती गोड! निदान अचूक. फी घेतली नाही.

२० फेब्रु.
मनू रोज किनाऱ्यावर पळते. वर्गातली पोरं तिला ‘बंपर’ म्हणतात, पाण्यातल्या त्या फुगीर रबरी बोटीवरून. तिने हे जेवताना सांगितलं, भाजी वाढ म्हणावं तसं. पेपरातल्या माझ्या विनोदी सदरात या आठवड्यात रस्त्यांवर लिहिलं. लोक हसले म्हणे.

२२ एप्रिल
रिपोर्ट. आकडे वाढलेत. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतायत, मी स्मिताकडे, स्मिता मनूकडे.
"मी काहीच खाल्लं नाही, बाबा."
खरंच खाल्लं नव्हतं.

२३ एप्रिल
अक्का बोलली. शाळा सुटली की रसवंती. मोठा ग्लास, बिनबर्फाचा, घसा धरू नये म्हणून. शिवाय झोपताना ग्लुकोजचं पाणी. लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा तिने असंच उसाच्या रसावर उठवलं होतं. लिव्हर म्हणजे कावीळ, कावीळ म्हणजे रस. मनूला सांगून ठेवलेलं, औषध आहे.
मला का नाही सांगितलं?
"तू थट्टा केली असतीस. पेपरात पण लिहिलं असतंस."
लिहिलं असतं. दीड कॉलम.
ओरडायला तोंड उघडलं. तिने विचारलं, "तू वाचलास ना त्यानेच?"

२४ एप्रिल
अक्का कालपासून जेवली नाही. मनू तिच्या ताटाशी बसलेली. "आत्या, मला शेवटी शेवटी आवडायचा नाही गं तो. तू बघत बसायचीस म्हणून प्यायचे."
स्मिता उठून आत गेली.
डॉक्टरीणबाईंना फोन केला. उतरेल ना? उतरू शकतं, म्हणाल्या. ‘शकतं’वर जोर नव्हता. मीच देऊन बघतोय, इकडून, तिकडून.

२५ एप्रिल
सकाळी मनू पळायला निघाली. मागून अक्का, साडी खोचून, चपला हातात. मी वाडीच्या फाटकाशी. मनू सुरूच्या झाडांपर्यंत गेली, थांबली, कुशीत हात दाबून वाळूत बसली. अक्का अजून बरीच मागे.
पाहुण्यांनी चहा मागितला. साखर वेगळी द्या म्हणाले.