माझं वाक्य मीच पुरं करीन

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. घरसजावटीचा ब्लॉग काढून वर्ष झालं, पडद्यांवर आणि उशांवर लिहून कंटाळलीस, आता कशावर लिहू म्हणून विचारतेस. मला कशाला विचारतेस, बाई? घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. जन्मभर फळबाजारात लिलाव पुकारले. आता पाटीवर दोन शब्द लिहीपर्यंत समोरचा तिसरा स्वतःच ठरवून मोकळा होतो. काल बँकेत ‘पासबुक’ एवढंच लिहिलं, तर खिडकीतल्या शहाण्याने ते हरवलं असं धरून अर्ज पुढे सरकवला. वर ओरडून समजावलंन! अरे गाढवा, आवाज गेलाय, कान शाबूत आहेत. मेल्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. तुझी आईही तसलीच. परवा ‘चहा नको’ लिहीत होतो. ‘चहा’ वाचूनच ती आधण ठेवायला पळाली.

बाजारात माझ्या लिलावाचा माल तोलणारा जोडीदार काटेवाला, त्यालाही हेच दुखणं निघालंय. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. तो म्हणतो, तुझ्यासारखं जगण्यापेक्षा न केलेलं बरं. माझे हाल बघून हा मरायला निघालाय! तू आपली उशांवरच लिही.

रागावलेला, पण तुझाच,
बाबा

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. न विचारता आगाऊपणा केलाय. तुमचं पत्र ब्लॉगवर टाकलं. एरवी माझी नणंद तेवढी वाचते, तीही उपकार केल्यासारखी. या वेळी अनोळखी लोकांनी रडू आलं म्हणून कळवलं. ब्लॉग कशासाठी लिहायचा ते मला अखेर सापडलं, बाबा! शिव्या तेवढ्या गाळल्या, काटेवाल्या काकांचं खाजगी म्हणून वगळलं आणि शेवटी ‘बाबा मात्र सदा हसतमुख असतात’ एवढं जोडलं. छापून सोबत पाठवते. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
ठकू

१९ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद, तेही दातओठ खाऊन. हसतमुख? मी? त्या बँकवाल्याची बहीण शोभतेस! त्याने एक शब्द पुरा केला, तू माझं अख्खं पत्र पुरं केलंस. मला रडणारे नकोत. मी लिहीपर्यंत गप्प बसणारे हवेत. तुला कारण सापडलं, आणि माझ्या कारणावर कात्री चालवलीस. छापायचंच तर मला ते काटेवाल्यालाच ऐकवायचं होतं. तो सोमवारी डॉक्टरांना ‘नाही’ म्हणून कळवणार आहे. ते हसतमुख थोबाड ब्लॉगवरून उतरव आणि लिहायची किल्ली मला दे.

बाबा

२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. आधी तुमचा राग आला, मग माझाच. चुकले. ते काढून टाकलंय, पासवर्ड सोबत आहे. तुमच्या एका अक्षराला हात लावणार नाही, शिव्यांनासुद्धा. या मूर्ख लेकीला पदरात घ्या.

ठकू

२७ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद, आज मनापासून. शनिवारी ब्लॉगवर सगळं लिहिलं. बँकवाला, आई, कुणाला सोडलं नाही. आई रुसली आहे. रविवारी काटेवाल्यापुढे नेऊन धरलं. वाचता वाचता गडी लाल झाला. म्हणाला, तू इतका चिडतोस आणि तुझ्या वतीने ओरडायला कुणी नाही? मी पाटी घेतली. तो थांबला, ठकू. मी पूर्णविराम देईपर्यंत थांबला. पाटीवर लिहिलं होतं, की तुलाही हेच सगळे छळतील, आणि तेव्हा वाट बघायला मी असेन.

सोमवारी त्याने डॉक्टरांना होकार कळवला. हे तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. लिहायला घेतलं की ती मध्येच रडायला लागेल, आणि हे वाक्य मला शेवटपर्यंत लिहायचंय.

तुझा,
बाबा