गोठ्यापल्याडचं घर

बा, आम्ही आता जव्हारला भाड्याच्या खोलीत राहतो. घरमालकीण तशी बरी आहे, पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी तिला विचारावं लागतं. परवा ती नको म्हणाली आणि मी हातोडी जमिनीवर आपटली. तुझी आठवण मला अशीच येते, रागातून.

माझ्या नवऱ्याकडे मुलीचं देज म्हणून तुला मोजायला पैसे नव्हते, म्हणून त्याने घरजावई होऊन आपल्याकडे राबायचं, असं ठरलं. "माझे दारात राहा, शेत कर, गोठ्यापल्याड तुला घर घालून देन," तू चार माणसांत बोललास. माझा बा शब्दाचा पक्का आहे, असं मीच त्याला सांगितलं होतं. मग आपल्या साखरशेत गावच्या शेतात तो चिखलणी करताना बैल घसरून लंगडा झाला आणि तू बैल हाकायची पराणी उलटी धरून माझ्या नवऱ्याला गुरासारखा बडवलास, लावणीला आलेल्या बायांसमोर. त्याने हात वर केला नाही. मी त्याच्या पाठीला हळद लावतेय, दातओठ खात म्हणतेय, चल, आत्ताच्या आत्ता निघू. तो म्हणतो, "घर होवं दे. मग नाय दुखायचा."

घर झालं. खांब त्याने रोवले, कारवीच्या काठ्यांचे कुड त्याने बांधले, त्या भिंतींना मी माती लिंपली. जागा आमच्या नावावर करायचं तुला कधी सुचलं नाही आणि आम्हाला मागायची लाज वाटली. तुझं बारावं उरकलं तसा दादा दारात आला. "जवाय राबला, जेवला, फिटला. आथा घर माझा." नवरा भांडी गोणीत भरू लागला, तरी दादाने त्याच्या छातीत लाथ घातली. तो पेटत्या चुलीवर पडला, कोपर भाजलं.

गावात अजून सांगतात की जावयाचं डोकं फिरलं आणि त्याने घर तोडून टाकलं. तोही त्यांना सांगू देतो. कुऱ्हाड माझ्या हातात होती, बा. मी कुड फाडले, मधल्या खांबावर घाव घातले, दादा शिव्या देत अंगणात पळाला आणि नवरा मला कमरेला धरून मागे ओढत होता. छप्पर खाली आलं तेव्हाच मी थांबले.

हे पत्र कुठे टाकणार? तुला वाचताही येत नव्हतं. तरी लिहिते. समोर दादा होता, पण प्रत्येक घाव मी तुझ्यावर घालत होते. आणि अजून माझं भागलेलं नाही.