सहाव्या दिवशी रंग परतला

प्रिय देमेके,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले. राहू दे, खोडत नाही.

इकडे वेगेल तेनात सगळं ठीक आहे. आबांचा गुडघा दुखतो, तरी कड्यावरच्या खाणीत जायचा हट्ट सोडत नाहीत. मी खडे घासायच्या चाकावर बसायला लागलेय. पहिले दोन ओपल फोडले. आबा म्हणाले, “फोड अजून! कड्यात पुष्कळ आहेत, लेक एकच आहे.”

तिमकतचा सण आठवतो? धर्मगुरूंनी कुंडातलं पाणी गर्दीवर उडवलं, मी भक्तिभावानं ओंजळी भरभरून डोक्यावर घेतल्या. दुपारपर्यंत साखरपुड्याच्या अंगठीतला खडा काचेसारखा झाला. हिरवा नाही, केशरी नाही, नुसती काच. तुझी आई देसी नावाच्या शहरातली, त्यांना आमच्या मातीतला ओपल काय ठाऊक? भर अंगणात ओरडल्या, “हिच्या बोटावर खडा मेला! देवाच्या पाण्यानंच हिचं खरं रूप दाखवलं!” सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तुझ्याकडे बघत होते.

घरी माझी काकू तर अंगठी वाळवायला शेगडीवर धरायला निघाली होती. आबांनी ती हिसकावून घेतली. “जाळतेस की काय? आमचा ओपल पाणी पितो. सावलीत ठेव आणि गप बस.” सहाव्या दिवशी सकाळी कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला, संध्याकाळपर्यंत अख्खा खडा पेटला. मी खूप रडले, खोटं कशाला बोलू? पण तोवर तुमच्याकडून सोयरीक मोडल्याचा निरोप येऊन गेला होता.

तुझ्या आईवर माझा राग नाही. त्यांना माहीत नव्हतं. तू मात्र सात वर्षं अदिसमध्ये ओल्या चाकावर हेच ओपल घासतोस. पाण्यानं रंग जातो, वाळला की येतो, हे तुला झोपेतही सांगता येईल. आईसमोर एक वाक्य पुरलं असतं. तू तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलास.

काल तुझ्या मामांनी कळवलं, खड्याला रंग आल्याचं तुमच्या कानावर गेलंय आणि रविवारी तीन वडीलधारे पुन्हा मागणी घेऊन येताहेत. त्यांना पाठवू नकोस. म्हाताऱ्या माणसांना एवढा घाट चढायला लावून नकार देणं मला जड जाईल, पण देईन. सोबत अंगठीचं चांदीचं वळं पाठवतेय, ते तू घडवलं होतंस. खडा आबांनी कड्यावरच्या खाणीतून काढला होता, तो मी ठेवून घेतलाय.

बेलेतेंची लेक,
अस्नाकेच