शेगडीतला शब्द

४ जानेवारी

चि. पंडितरावांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंडितराव म्हटलं म्हणून नाक फुगवू नकोस. शाळेत भाषा शिकवतोस, तर एवढं ऐकून घ्यावंच लागेल. सध्या मी युरोपातल्या भाषांचा एक जाडजूड, अनेक खंडांचा कोश बांधतेय. छापील पानांचे फर्मे शिवताना गंमत दिसली. भाषांच्या रकान्यांतल्या शब्दांची तोंडं दहा दिशांना, पण 'गॅस' मात्र जवळजवळ सगळीकडे गॅसच! हा कुणाच्या पोटचा, सांग बघू.

आणि गॅसची शेगडी घे म्हणून पुन्हा मागे लागू नकोस. मला बाई त्याची धास्तीच वाटते. पुठ्ठे चिकटवायचा सरस गरम ठेवायला माझी कोळशाची शेगडी बरी. सध्या पुस्तकांच्या पाठीवर सोन्याचा वर्ख लावतेय, म्हणून खिडक्या गच्च बंद. जरा वारा लागला की वर्ख उडालाच! खोली मस्त उबदार झालीय. डोकं तेवढं ठणकतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा 'गॅस' भलताच बिलंदर निघाला! चारशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याचं हे अपत्य. त्याने ढीगभर कोळसा जाळला, हाती उरली चिमूटभर राख. मग बाकीचा गेला कुठे? जे दिसत नाही, मुठीत धरता येत नाही, त्याला म्हणायचं काय? सृष्टीच्या आधीच्या पोकळीला ग्रीक लोक 'खाओस' म्हणत, त्यावरून त्याने 'गॅस' केलं. इतरांकडे त्या वस्तूला नावच नव्हतं, त्यांनी आयतं उचललं. म्हणजे तू ज्याला घाबरतेस, त्याचा जन्म तुझ्या कोळशातलाच. आता बोल!

डोक्याचं म्हणशील तर कंजुषी सोड आणि चष्मा बदल.

आहे तसाच लोभ ठेव.
तुझा पंडित

१४ जानेवारी

चि. पंडितरावांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले खूप, पण शेगडी काही सोडत नाही. चष्मा बदलला, डोकं मात्र तसंच. मळमळतंही. बाजारात गेले की एकदम बरं वाटतं, कामाला बसले की पुन्हा डोळे जड. कामचुकारपणा, दुसरं काय! काल एका खंडावर नाव उलटं ठोकलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं रे, रडूच आलं. घरात मी आणि मनी दोघीच, तर तिनेही माझ्यावर बहिष्कार टाकलाय. बाहेर पायरीवर कुडकुडत बसते, पण खोलीत पाऊल टाकत नाही.

वर्ख अजून हलतो, म्हणून खिडकीच्या फटींत तुझी जुनी पत्रं कोंबलीत. रागावू नकोस, उपयोगाला तरी आली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ जानेवारी, जलद टपालाने

ताई,

नमस्कार राहू दे. आधी शेगडी बाहेर काढ, खिडक्या उघड, माझी पत्रं ओढून फेकून दे. वर्ख गेला खड्ड्यात!

त्या वैद्याची पुढची हकीकत आज वाचली. म्हातारपणी तो थंडीत बंद खोलीत निखारे घेऊन लिहीत बसला होता. डोकं दुखलं, मळमळलं, उठून बाहेर जायला गेला आणि कोसळला. मरता मरता वाचला. वाचताना तुझं पत्र शेजारीच होतं. सगळं तेच गं, आणि मी शहाणा तुला चष्मा बदलायला सांगत होतो! निखाऱ्यांतून निघणाऱ्या त्या विषाला वास नसतो, ताई. शेजारच्या शिंप्याकडे फोन लावून थकलो, कुणी उचलत नाही. हे पत्र तुला उद्या सकाळी मिळेल. मी उद्याच्या पहिल्या गाडीने निघतोय, संध्याकाळी पोहोचेन. तोवर बाहेर पायरीवर मनीजवळ बस. मला फार भीती वाटतेय.

पंडित

२० जानेवारी

चि. पंडितरावांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. अनेक आशीर्वाद.

शेवटचा खंड घेतलाय बघ. बोटं ऐकत नाहीत, पण आज संपवणारच. मनी मघापासून बाहेरून दार ओरबाडतेय. उठून बघायला हवं, पण पाय उचलत नाहीत.

सकाळी तुझं पाकीट आलं. जलद टपालाने शब्द पाठवतोस, श्रीमंत झालास की काय! फोडलं नाही अजून. आधी काम, मग लाड. वरच्या एका फटीतून वारा येतच होता, पाकीट तिथे अगदी मापात बसलं. आता वर्ख जराही हलत नाही.

झोप अनावर झालीय. इथेच टेबलावर जरा डोकं टेकते. उठले की पहिलं तुझं पत्र काढून वाचीन.

लोभ आहेच.
तुझी ताई